शकुंतला : मालकीच्या पेचात अडकलेला लोहमार्ग

वऱ्हाडच्या अर्थजीवनाचा विचार मूर्तिजापूर स्थानक वगळून करता येत नाही. मुंबई-नागपूर मार्गावरील या जंक्शनातून यवतमाळकडे ११३ आणि अचलपूरकडे ७६ किलोमीटर असे दोन अरुंद फाटे गेले. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. कापूस मुंबईमार्गे विलायतेतील गिरण्यांना पोचावा, हा मूळ हेतू. कापूस मँचेस्टरकडे गेला आणि तेथूनच आलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत येथे धावले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

लोकांनी गाडीला शकुंतला म्हटले. पण तिचा धनी कोण? स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वे सरकारजमा झाल्या, हा मार्ग मात्र ब्रिटिशांनी स्थापिलेल्या खासगी कंपनीकडेच राहिला. गाड्या चालवी सरकार, मालकी कंपनीची. मग रूळ बदलण्याचा खर्च करावा कोणी? दुरुस्ती रखडली, वेग मंदावला, ज्यांना परवडले ते एस.टी.कडे वळले. उरले ते स्वस्त तिकिटावाचून अडणारे शेतमजूर. प्रवासी नव्हते म्हणून मार्ग मेला, हे म्हणणे म्हणूनच मला अर्धसत्य वाटते. २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली. २०२० पर्यंत दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या होत्या.