दूरचे बोल

घरातल्या रेडिओवर तुम्ही आकाशवाणीचे कार्यक्रम ऐकता. एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जायचे असेल, तर तुम्ही बटण फिरवता. हातात मावणारा एक रेडिओ असा आहे, की जो हे काम स्वतःच करतो. तो एकामागून एक वारंवारता तपासतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. त्याला स्कॅनर म्हणतात. पण पुष्कळदा असे होते, की स्कॅनर थांबतो आणि आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. असे का होते? त्यावर उपाय कोणता? हे आज आपण पाहू.

दूरचा क्षीण आवाज ऐकू येणे किती मोलाचे असते, ते आधी पाहा. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमात्राजवळ समुद्रात मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबारवर आदळल्या. तिथला दूरध्वनी बंद पडला. आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत, हे मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळेना. त्या महिन्यात हौशी रेडिओचालकांचा एक गट पोर्ट ब्लेअरला आलेला होता. अशा रेडिओचालकांना हॅम म्हणतात. गटाच्या प्रमुख होत्या भारती प्रसाद. त्यांनी आपले रेडिओकेंद्र चालू ठेवले आणि संकटात सापडलेल्यांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. पलीकडे कोणीतरी कान देऊन ऐकत होते, म्हणूनच ते निरोप पोचले. बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचेही महत्त्व असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रेडिओचा कान म्हणजे त्याची एरियल. स्कॅनरबरोबर जी आखूड, रबरी एरियल मिळते, ती खिशात ठेवायला सोयीची असते. ती सगळ्या वारंवारतांवर थोडे थोडे काम करते. पण कोणत्याही एका वारंवारतेवर उत्तम काम करत नाही. म्हणून पहिला उपाय असा, की जे ऐकायचे त्याला शोभेल एवढ्या लांबीची एरियल घ्यावी.

ही लांबी कशी काढायची? रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारतेने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. साध्या उभ्या एरियलला या लांबीचा चौथा हिस्सा पुरतो. उदाहरणे पाहा :

१०० मेगाहर्ट्‌झ (एफ. एम. केंद्रे) – ७५ सेंटिमीटर
१४५.८ मेगाहर्ट्‌झ – सुमारे ५१ सेंटिमीटर
४३५ मेगाहर्ट्‌झ – सुमारे १७ सेंटिमीटर

वारंवारता वाढली, की एरियल आखूड होते, हे तुमच्या लक्षात आले असेल. ओढून लांब करता येणारी एरियल असली, तर प्रत्येक वेळी पट्टीने मोजून तिची लांबी ठरवता येते.

दुसरा उपाय अगदी स्वस्त आहे. चौथ्या हिश्श्याच्या एरियलला खाली जोडीदार लागतो. तेवढ्याच लांबीची एक साधी तार घ्या. एरियल जिथे बसवतात, तिथल्या बाहेरच्या धातूच्या कड्याला ती जोडा आणि खाली लोंबती सोडा. मधल्या टोकाला मात्र तिचा स्पर्श होऊ देऊ नका. क्षीण आवाज पुष्कळदा एवढ्यानेच स्पष्ट होतो.

तिसरा उपाय म्हणजे उंची. या वारंवारतांच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. डोंगर आणि इमारती त्यांना अडवतात. मोकळ्या सपाट जागी जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या एरियलचे रेडिओ-क्षितिज सुमारे ५ किलोमीटर असते. तीच एरियल २५ मीटरवर नेली, तर ते सुमारे २० किलोमीटर होते. म्हणून खोलीत बसण्यापेक्षा खिडकीत, आणि खिडकीपेक्षा गच्चीवर जावे. रेडिओ खोलीतच ठेवून फक्त एरियल गच्चीवर लावायची असेल, तर मधली केबल चांगली आणि शक्य तितकी आखूड असावी. पातळ केबलच्या १० मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्‌झची निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ती वाया जाते. विजेच्या तारांजवळ एरियल कधीही लावू नका आणि ढग गडगडू लागले, की गच्चीवर थांबू नका.

चौथी गोष्ट म्हणजे गोंगाट. मोबाइलचे चार्जर, एल. ई. डी. दिवे आणि संगणक यांमुळे खरखर वाढते. ते बंद करून स्कॅनर बॅटरीवर चालवून पाहा. जवळ एखादे जोरदार प्रक्षेपण केंद्र असेल, तर मोठी एरियल लावल्यावर उलट बिघाडच होतो. कानाशी कोणी ओरडत असले, तर दूरची कुजबुज आपल्याला ऐकू येईल का? तसेच हे आहे. अशा वेळी आखूड एरियलच बरी.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. एरियल बदलल्याने ग्रहण सुधारते. स्कॅनरचा वारंवारतांचा पल्ला वाढत नाही. तो पल्ला आतल्या मंडलावर ठरतो. २५ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होणाऱ्या संचावर मध्यम लहरी ऐकायच्या असतील, तर वारंवारता बदलून देणारे वेगळे यंत्र, म्हणजे कन्व्हर्टर, जोडावे लागते.

मित्रांनो, ऐकण्यालाही मर्यादा असतात. पोलिसांचे किंवा कोणाचेही खासगी संदेश ऐकणे म्हणजे दुसऱ्याच्या दाराला कान लावणे होय. आपल्या देशात बिनतारी यंत्रांसाठी परवान्याचे नियम आहेत. स्कॅनर घेण्यापूर्वी ते जाणून घ्यावेत. १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना परीक्षा देऊन हॅम होता येते.

परवानाधारक हॅमच्या सोबतीने ऐकावे असे पुष्कळ काही आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिथले अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात, ते १४५.८ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. जुलै २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथूनच हॅम रेडिओवर भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानक अगदी डोक्यावर आले, की उभ्या एरियलला ते नीट ऐकू येत नाही. कारण एरियलच्या टोकाच्या दिशेने तिचे ग्रहण सर्वांत कमी असते. तेव्हा संच आडवा करावा. स्थानक फार तर दहाएक मिनिटे आपल्या आकाशात असते. म्हणून तयारी आधीच करावी लागते.

महागडा संच असला म्हणजे सारे काही ऐकू येते, असे नाही. मोजून घेतलेली एरियल, मोकळी जागा आणि सावध कान एवढे असले, तर साध्या संचावरही दूरचे बोल उमटतात.

शब्दार्थ
वारंवारता – एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते ती संख्या
क्षीण – कमजोर
ग्रहण – येथे, लहरी पकडणे
पल्ला – मर्यादा, टप्पा
लहर – लाट. उर्दूत हिला ‘मौज’ही म्हणतात, पण मराठीत ‘मौज’ म्हणजे मजा!

स्वाध्याय
१. स्कॅनरची रबरी एरियल सोयीची असूनही उत्तम का नाही?
२. ९० मेगाहर्ट्‌झसाठी चौथ्या हिश्श्याच्या एरियलची लांबी काढा.
३. ‘दुसऱ्याच्या दाराला कान लावणे’ याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. करून पाहा : घरच्या एफ. एम. रेडिओवर एक दूरचे केंद्र लावा. एरियल आखूड व लांब करून, खोलीत व खिडकीत आवाजात काय फरक पडतो ते पाच वाक्यांत लिहा.