रॉयल्टीचं गणित आणि आनी डिफ्रँको

आधी उच्चार क्लिअर करू. ती ‘आणि’ नाही, ‘ॲनी’पण नाही. आनी. आनी डिफ्रँको. जन्म १९७०, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो शहर. आई-वडिलांची ओळख एमआयटीमध्ये झालेली, म्हणजे घराणं आपल्यातलंच! मुलीनं मात्र नवव्या वर्षी गिटार धरली, पंधराव्या वर्षापासून ती स्वतःच्या जबाबदारीवर राहू लागली आणि १९९० मध्ये स्वतःच्या पैशानं पहिला अल्बम काढला. तेव्हा वय जेमतेम वीस. आपल्याकडे या वयात लोक राहिलेल्या केटी मोजत असतात.

तिच्या संगीताला फोक पंक म्हणतात. अमेरिकन फोक ही वुडी गथ्री, पीट सीगर यांची परंपरा: एक माणूस, एक साधं वाद्य आणि गाण्यात कामगारांचे, युद्धाचे, अन्यायाचे विषय. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक. कंपनीच्या परवानगीची वाट बघू नका, जे काय ते स्वतः करा, हा त्याचा फंडा. आनीची गिटार फोकची, पण वाजवणं पंकचं. ती तारा छेडत नाही, जवळजवळ ठोकते. नखं टिकेनात म्हणून तिनं खोटी नखं लावून वरून इलेक्ट्रिकल टेप गुंडाळायला सुरुवात केली. (वर्कशॉपवाल्या मंडळींना हा जुगाड नक्की आवडेल.) शिवाय ताराही गाण्यागणिक वेगळ्या सुरांत लावते. त्यामुळे एकाच गिटारीत ताल आणि बेस दोन्ही असल्यासारखं वाटतं.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या तिच्या मागे लागल्या होत्या. तिनं सगळ्यांना नाही म्हटलं आणि ‘राइचस बेब रेकॉर्ड्स’ ही आपलीच कंपनी चालवली. का, ते समजायला करार समजून घ्यायला हवा.

कंपनी कलाकाराला ॲडव्हान्स देते. वाटतं बक्षीस, असते उचल. रेकॉर्डिंगचा आणि इतर बराच खर्च कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता होतो आणि तो फिटेपर्यंत हातात काहीच पडत नाही. बरं, फिटल्यावरही मूळ रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा कंपनीचीच. म्हणजे कर्ज फेडलं तरी घर बँकेचं! समजा ५०,००० प्रती खपल्या, रॉयल्टी प्रतीला दीड डॉलर आणि उचल एक लाख डॉलर. हिशेबात ७५,००० जमा होतात आणि कलाकार अजून २५,००० देणं लागतो. आनीला एका अल्बममागे सव्वाचार डॉलर सुटतात, असा आकडा नव्वदच्या दशकात छापून आला होता. त्या हिशेबानं तेवढ्याच प्रतींचे २,१२,५०० डॉलर.

पण हे गणित वाचून लगेच उड्या मारू नका. त्या प्रती खपवणार कोण? आनी गाडीत कॅसेट भरून गावोगाव, कॉलेजा-कॉलेजांत गात फिरली. पोरं कॅसेट कॉपी करून एकमेकांना द्यायची, तीच जाहिरात. जवळजवळ दरवर्षी एक अल्बम. असं करत १९९८ चा ‘लिटल प्लास्टिक कॅसल’ बिलबोर्डच्या यादीत २२ व्या नंबरवर गेला. त्याच दशकात प्रिन्ससारखा सुपरस्टार कंपनीशी भांडताना गालावर ‘गुलाम’ असं लिहून फिरत होता. पुढे १९९९ मध्ये दोघं एकमेकांच्या अल्बमवर गायले-वाजवले.

गंमत म्हणजे तिला या आकड्यांचा रागच यायचा. १९९७ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकानं तिच्या कमाईचं कौतुक केलं, तेव्हा तिनं जाहीर पत्र लिहून कळवलं की मला धंद्यासाठी नाही, गाण्यांसाठी ओळखा. मला स्वतःला हे अर्धंच पटतं. गाणी हवी तशी राहिली ती मालकी तिची होती म्हणूनच ना?

बफेलो हे पोलादाचं शहर. १९८३ मध्ये तिथला बेथलेहेम स्टीलचा प्रचंड कारखाना बहुतांशी बंद पडला. अशा गावातून लोक निघून जातात. आनीनं कंपनी तिथेच ठेवली, छपाईसारखी कामं शक्यतो गावातच दिली आणि पाडायला निघालेलं एक जुनं चर्च दुरुस्त करून तिथे ऑफिस आणि संगीताचा हॉल केला.

मालकीची दुसरी बाजूही आहे. २००५ च्या सुमारास मनगटाच्या दुखण्यानं तिला दौरे थांबवावे लागले. हात तिचे, बदली कोण देणार? आणि २०१३ मध्ये तिनं लुइझियानातल्या नॉटोवे या जुन्या मळ्यावर गीतलेखनाचं शिबिर जाहीर केलं. तो मळा एके काळी गुलामांच्या श्रमावर चाललेला. प्रचंड टीका झाली, शिबिर रद्द झालं. तिचा पहिला खुलासा लोकांना पटला नाही. दुसऱ्यांदा, जानेवारी २०१४ मध्ये, तिनं सरळ माफी मागितली. ज्यांनी वीस वर्षं तिची गाणी प्रामाणिकपणासाठी ऐकली, तेच सगळ्यात जास्त दुखावले होते. ढकलायला वर कुठली कंपनीही नव्हती.

२०१० मध्ये राइचस बेबनं अनाईस मिचेल या गायिकेचा ‘हेडीसटाउन’ हा अल्बम काढला. ग्रीक पुराणकथेवरचा तो अल्बम, त्यात पर्सेफनीची गाणी आनी गायली. त्याचं संगीत-नाटक ब्रॉडवेवर गेलं, २०१९ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आणि २०२४ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, आनी काही महिने तीच भूमिका करायला ब्रॉडवेवर उभी राहिली: दुसऱ्याच्या निर्मितीत, ठरलेल्या वेळेला, आठवड्याला आठ प्रयोग.