कोरडी पोळी आणि तुपाची वाटी

कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा संत नामदेव हातात तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यातली एक गोष्ट मात्र सहसा सुटते. पोळी तर कुत्र्याला मिळालीच होती. नामदेव धावले ते त्याला जे मिळाले नव्हते त्यासाठी. गल्लीतल्या कुत्र्याला पोळी किंवा बिस्किटे घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याला आपल्याकडून काय मिळालेले नाही, हे आज पाहूया.

त्यासाठी चेन्नईच्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेचे काम अभ्यासण्यासारखे आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम या वैमानिकाने १९५९ मध्ये कुटुंबीयांसह ती सुरू केली. तेव्हा मद्रासची महापालिका भटकी कुत्री पकडून विजेचा धक्का देऊन मारीत असे. इतकी मारूनही कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही गेला नाही. कारण साधे आहे. उकिरडा जागच्या जागी असतो. एका गल्लीतली कुत्री गेली की शेजारची तिथे येतात, आणि लस न घेतलेली नवी पिल्ले वाढतात.

संस्थेने १९६४ मध्ये दुसरा मार्ग मांडला : कुत्रे पकडावे, त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी आणि आणले तिथेच परत सोडावे. महापालिकेला तो पटायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. एवढी वर्षे तीच मागणी पुन्हा पुन्हा मांडत राहणे, याला तपश्चर्या म्हणायला हरकत नसावी. २००१ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत देशभरासाठी नियमांत आणली. २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले.

कुत्र्याला परत सोडण्यावरच लोक चिडतात. ज्यांना भीती वाटते त्यांना निर्दय समजू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण परिसरातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाचा प्रसार थांबतो. लस घेतलेले कुत्रे आपल्या हद्दीत राहिले तर गल्लीचे रक्षणच करते. शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वेगळे आदेश दिले आहेत. त्याची माहिती आपल्या पालिकेत विचारा. खाऊ घालण्याची जागाही तिथेच विचारून घ्या. जिन्यात, फाटकाशी किंवा मुले खेळतात तिथे घातलेल्या अन्नामुळे भांडण होते आणि शेवटी मार कुत्र्याला बसतो.

आता आपल्या गल्लीत या. तिथल्या कुत्र्यांचे कान पाहा. कानाचा छोटा तुकडा कापलेला असेल तर शस्त्रक्रिया झालेली आहे. नसेल तर जवळच्या प्राणिसेवी संस्थेला किंवा पालिकेला कळवा. लस एकदा टोचून संपत नाही, पुन्हा द्यावी लागते. म्हणून कोणत्या कुत्र्याला कधी दिली ते वहीत लिहून ठेवा.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिखट, हळद, चुना काही लावू नका.

संस्थेची गाडी येईल त्या दिवशी घरी थांबा. अनोळखी माणसाला जाळे घेऊन ज्या कुत्रीमागे तासभर पळावे लागते, ती रोज पोळी देणाऱ्याच्या हाकेला शेपूट हलवत येते. ती परत येईल तेव्हाही हजर राहा. गाडीतून उतरल्यावर ती थोडी बावरलेली असते. ओळखीचा आवाज ऐकला की आपल्या नेहमीच्या जागी जाऊन पडते.