कोरड्या उन्हाळ्याचा जमाखर्च

चिचगडच्या बाजूस उन्हाळा लांबला व कोरडा गेला, म्हणजे मन प्रथम प्रसन्नच होते. पहाटे वेचलेली मोहफुले अंगणात खडखडीत वाळतात. तेंदूपानांचे पुडे नीट सुकतात, उन्हाळी धानाची मळणी निर्विघ्न उरकते आणि लग्नाचे मांडव भिजत नाहीत. हा आनंद खोटा नव्हे. परंतु जे ऊन मोह वाळविते, तेच आपला तलावही आटविते.

हिशेब करून पाहावा. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दररोज सुमारे 8 मिलिमीटर वाफ होते असे धरल्यास महिन्याकाठी पातळी 24 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर उतरते. एक एकर पाण्यामागे रोज सुमारे 32 हजार लिटर पाणी, कोणी लोटाभरही न उपसता, निघून जाते.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता मी पैसेवारीचे तक्ते पुष्कळ लिहिले. पैसेवारी 50 पैशांहून कमी आली की गाव टंचाईत गणले जाई. परंतु ती ठरते पीक हाती येण्याच्या सुमारास. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. यास्तव सुज्ञ शेतकऱ्याने आपली पैसेवारी वैशाखातच, तलावाच्या पाळीवर उभे राहून करावी.

पूर्वजांनी हे जाणले होते. या भागातील जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब प्रसिद्ध आहे. 1951 साली मालगुजारी संपली व ते तलाव सरकारकडे गेले. त्याबरोबर ‘हे काम आपले’ ही गावाची भावनाही पुष्कळ ठिकाणी ओसरली. गाळ मात्र दरवर्षी साचतच राहिला. करिता पुढील तीन गोष्टी कराव्या.

1. तलावाच्या खोल भागात खुणा केलेला खांब रोवून दर आठ दिवसांनी पातळी वहीत टिपावी.

2. ग्रामपंचायत व संबंधित खाते यांची अनुमती घेऊन उघड्या पडलेल्या तळातील गाळ काढावा व हलक्या जमिनीच्या बांधीत पसरावा. केवळ मऊ गाळ काढावा. खालचा चिकण थर फोडू नये, कारण त्यानेच पाणी धरले जाते. पाळीच्या पायथ्याशीही खणू नये.

3. धानाचे सर्व पऱ्हे एकाच दिवशी टाकू नयेत. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन वेळा टाकावे व दुसऱ्या वेळी लवकर येणारे वाण घ्यावे. 2009 साली देशात मोसमी पाऊस सरासरीहून सुमारे 22 टक्के कमी पडला. अशा वर्षी रोवणी खोळंबते, पऱ्हे जून होतात व त्यांस फुटवे कमी येतात.

मृग वेळेवर बरसला, तरी हे श्रम व्यर्थ जात नाहीत. गाळ काढलेल्या तलावात पाणी अधिक मावते, आणि तेच पुढे हस्त कोरडा गेल्यास निसवत्या धानास उपयोगी पडते. मोह वाळत घालून झाला की दुपार टळल्यावर चार शेजारी सोबत घेऊन तलावावर जावे, व पहिली खूण त्याच दिवशी टिपावी.