इन्स्टॉलरची यादी आणि ‘वऱ्हाड’ नावाची फाइल

नागपूर



इन्स्टॉलर स्क्रिप्ट म्हणजे नवे सॉफ्टवेअर बसवताना कोणती फाइल कोणत्या फोल्डरात जावी हे संगणकाकडून क्रमाने करवून घेणाऱ्या आज्ञांची संहिता होय. ती लिहिताना नवशिक्याचे सारे लक्ष कॉपीच्या आज्ञेवर असते, परंतु ती आज्ञा जेमतेम एका ओळीची असून घोटाळ्याचे मूळ बहुधा त्याआधी, फायलींची यादी वाचण्याच्या टप्प्यात असते. मालवाहतुकीच्या गोदामात बिल्टीवरील नग आणि उतरलेले नग यांचा मेळ बसल्याखेरीज जाणता मुनीम सही करीत नाही; स्क्रिप्टनेही तसेच करावे, आणि तेही पहिली फाइल जागची हलण्याआधी.

मराठी नावांच्या बाबतीत हा मेळ दिसतो तितका सोपा नाही. ‘वऱ्हाड’ हा विदर्भातला नेहमीचा शब्द घ्यावा. यातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, एकाच क्रमांकाने लिहिता येते. साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येते. शिवाय ‘ऱ्’च्या जागी र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक योजूनही तीच आकृती उमटते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आणि त्या जोडकालाही ३ बाइट लागत असल्याने पहिल्या रीतीने हे नाव १८ बाइटांचे, तर उरलेल्या दोन्ही रीतींनी २१ बाइटांचे होते. लिनक्सची नेहमीची फाइलव्यवस्था नावे बाइटांनी ताडते. त्यामुळे यादीत एक रूप आणि डिस्कवर दुसरे असले, तर डोळ्यांदेखत असलेली फाइल स्क्रिप्टला सापडत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था तर नावे साठवतानाच अशा अक्षरांची फोड करीत असे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, मात्र जोडकाचे तिसरे रूप वेगळेच राहते, हे विशेष ध्यानी ठेवावे.

यादी विंडोजवर तयार झाली असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्ह असते, ते लिनक्सवर नावालाच चिकटते. यादीच्या आरंभी ‘बाइट ऑर्डर मार्क’ ही ३ बाइटांची अदृश्य खूण असल्यास केवळ पहिलेच नाव नापास होते. याहून फसवे म्हणजे शेवटच्या नावानंतर ओळ मोडलेली नसणे, कारण शेलची ‘रीड’ आज्ञा ते नाव वाचते खरे, परंतु यादी संपल्याचे सांगून आवर्तन तेथेच थांबवते, आणि कोणताही संदेश न येता एक फाइल मागे राहते. ‘सीताबर्डी किल्ला’ यासारखे मध्ये मोकळी जागा असलेले नाव अवतरणचिन्हांत न घेतल्यास त्याची दोन नावे होतात, हे चिरंजीवास ठाऊकच आहे.

प्रत्यक्ष कॉपी करताना लक्ष्य फोल्डरात आधी तात्पुरत्या नावाने प्रत घ्यावी आणि ती पूर्ण होऊन डिस्कवर उतरल्यावरच खरे नाव द्यावे, म्हणजे वीज मध्येच गेली तरी अर्धी फाइल खऱ्या नावाने उरत नाही. ज्या नावात वरच्या फोल्डरात नेणारी दोन टिंबे असतील किंवा जे तिरक्या रेघेने सुरू होत असेल, ते मुळीच स्वीकारू नये. अशी एकच ओळ लक्ष्याबाहेरची फाइल पुसून टाकू शकते.

पुढील पत्रापूर्वी चिरंजीवाने लिनक्सवर एक रिकामे फोल्डर घेऊन त्यात ‘वऱ्हाड’ या नावाच्या तिन्ही रूपांच्या तीन फायली कराव्यात, त्या शेजारी-शेजारी कशा दिसतात ते पाहावे आणि आपल्या स्क्रिप्टने त्यांतील किती पोहोचवल्या ते कळवावे.