टाक्यांचा वण आणि वऱ्हाडचं ऊन



या पत्रिकेत बेणं, खत, पाणी आणि उतारा यांवर आपण नेहमीच वाचता. या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे. पण तोही आपल्या धुऱ्यावरचाच आहे. अपेंडिक्स, हर्निया, थायरॉईडची गाठ, बाळंतपणातलं सिझेरियन, नाहीतर कोयता लागून हातावर पडलेले पाच-सात टाके. ज्या घरात कोणाच्याच अंगावर टाक्यांचा वण नाही असं घर आता गावात शोधावं लागेल. ऑपरेशनसाठी आपण अकोल्याला खेपा घालतो, पैसा लावतो, टाके निघेपर्यंत जिवापाड जपतो. आणि टाके निघाले की दुसऱ्याच दिवशी भर उन्हात पाण्याची पाळी धरायला निघतो.

आमच्या माहितीतल्या एका घरची सून. गळ्याची गाठ जानेवारीत काढली. फेब्रुवारीत वण दोऱ्यासारखा बारीक झाला होता, बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळला नसता. पुढं हरभऱ्याची सोंगणी आली, गहू आला, मग उन्हाळवाहीत काडीकचरा वेचणं आलं. जूनपर्यंत गळ्यावर काळा पट्टा उमटला. आता लग्नकार्यात गेली की पदर गळ्याभोवती लपेटून बसते, कारण चार बायका विचारतात आणि एखादी भलतंच समजते. आम्ही विचारलं, तर म्हणाली, ‘टाके त निघाले होते ना भाऊ, मंग काहून झाकू? खायचं पथ्य सांगतलं, उनाचं काई कोनं सांगतलं नाई.’ तिचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. म्हणूनच हे लिहीत आहोत.

टाके निघणं म्हणजे जखम बरी होणं, हा पहिला गैरसमज. वरून कातडी जुळलेली दिसते. आत मात्र काम चालूच असतं. पहिले काही दिवस सूज आणि लाली. मग काही आठवडे नवं मांस भरणं. त्यानंतर आतल्या तंतूंची फेरमांडणी होते, आणि ती वर्षभर, कधी दीड वर्षही चालते. या काळात वण गुलाबी, लालसर किंवा जांभळट दिसतो. तो तसा दिसतो तोवर तो कच्चा आहे असं समजावं.

आता ऊन त्याला काय करतं? आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव म्हणून त्या काळसर रंग बनवतात. उन्हात हात रापतो तो यामुळेच. जखमेच्या जागी या पेशी आधीच चेतवलेल्या असतात. त्यात ऊन पडलं की त्या भरमसाट रंग सोडतात. साध्या कातडीचं रापणं काही आठवड्यांत उतरतं, वणाचा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि रंग खालच्या थरात उतरला तर वर्षानुवर्षं. गोऱ्या माणसाच्या वणापेक्षा आपल्यासारख्या सावळ्या अंगावर हे जास्त होतं. ‘आम्ही मुळातच काळे, आम्हाला ऊन काय करणार’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. काही वणांत उलटं होतं. तिथं रंगाच्या पेशीच उरत नाहीत, वण पांढरा राहतो, तिथली कातडी उन्हानं लवकर पोळते आणि भोवतीचं अंग रापलं की पांढरी रेघ जास्तच उठून दिसते.

इथं एक जुनी हकिगत सांगण्याजोगी आहे. कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ नमुना करून कपाळावर ठेवला, तेवढी कातडी आखून सोडवली, पण दोन भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवून बसवली. चिकटवायला काय? आपल्या पानात असतो तो कात, पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं, आणि पंचवीस दिवसांच्या सुमारास देठ तोडला. लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत छापून आला. तो वाचून पुढं विलायतेतल्या डॉक्टरांनी ही क्रिया उचलली. आम्हाला त्यातली एक बारीक नोंद महत्त्वाची वाटते. काही काळानं कपाळावरचा वण फारसा ध्यानात येत नाही, असं लिहिणाऱ्यानं मुद्दाम नमूद केलं आहे. म्हणजे नाक बसलं एवढ्यावर बघणाऱ्याचं समाधान झालं नाही, कपाळाचं काय झालं हेही त्यानं पाहिलं.

ऊन म्हणजे उष्मा, हा दुसरा गैरसमज. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा सगळेच डोकं झाकतात. पण रंग बिघडवणारे किरण अंगाला लागलेले कळत नाहीत. जानेवारीच्या गार दुपारीही ते असतात, ढगाळ दिवशीही बरेचसे खाली येतात, आणि त्यांतला एक प्रकार मोटारीच्या काचेतूनही आत येतो. घड्याळ नको, एक सोपी खूण सांगतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की किरण जोरात आहेत. ऊसतोडीचा हंगाम थंडीत सुरू होतो, आणि थंडीत ऑपरेशन करून घेण्याची आपली रीत आहे. पण जानेवारीचा वण मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत अगदी कोवळा असतो, हे कोणी मोजत नाही.

उपाय महागडा नाही. कापड हा सगळ्यांत चांगला उपाय. दाट विणीचं, गडद रंगाचं आणि कोरडं कापड. विरलेल्या पांढऱ्या मलमलीतून ऊन आत जातं, आणि ओलं सुती कापड आणखी जास्त जाऊ देतं. आपण गारव्यासाठी दुपट्टा भिजवून डोक्याला बांधतो, ते लू टाळायला योग्यच आहे. पण कपाळावर किंवा मानेवर वण असेल तर त्यावर कोरडी दुहेरी घडी यावी असं बांधावं. हातावर वण असेल तर पूर्ण बाहीचा सदरा. उसात शिरताना तो असाही लागतोच, पाचटाची धार काही कमी नसते.

चेहरा, मानेचा वरचा भाग, हाताचा पंजा इथं कापड टिकत नाही. तिथं सनस्क्रीन मलम लावावं. औषधाच्या दुकानात मागताना ‘एसपीएफ ३० किंवा वरचं, ब्रॉड स्पेक्ट्रम’ असं मागावं. टाके निघून जखम पुरती मिटल्यावरच ते लावायचं. ओल्या जखमेवर किंवा खपलीवर कधीही नाही. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं, आणि घामानं ते धुऊन जात असल्यानं दर दोन तासांनी पुन्हा. खरं सांगायचं तर शेतात दर दोन तासांनी मलम कोण लावणार? म्हणून आम्ही कापडाला पहिला नंबर दिला आहे. हे निदान वर्षभर, आणि वण लाल असेल तर तो लाल असेपर्यंत पाळावं.

वणावर लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी पोळून काळे चट्टे उठतात. चुना, राख, टूथपेस्ट हेही नको. ‘गोरं करणारी’ म्हणून कोणी दिलेली मलमं तर नकोच, कारण काहींत स्टेरॉईड असतं आणि कातडी पातळ होते. जखम मिटल्यावर साधं व्हॅसलिन हलक्या हातानं चोळलं तरी कोरडेपणा आणि खाज कमी होते. वण जखमेच्या हद्दीबाहेर जाड वाढत असेल, विशेषतः छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर, तर घरी खटपट न करता कातडीच्या डॉक्टरांना दाखवावं.

आणि ओझं. तीन आठवड्यांनी जखमेच्या जागेची ताकद मूळ कातडीच्या पावपटीच्या आसपासच असते, तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के. एवढ्यात मोळी डोक्यावर घेतली तर वण ताणून रुंद होतो, आणि पोटाच्या ऑपरेशनात आतला भागही सुटू शकतो. तंबाखूनं जखम उशिरा भरते, साखरेचा आजार असेल तर आणखी उशिरा. पू, वाढती लाली, ताप दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावं. जुन्या भाजल्याच्या वणावर फोड येऊन महिनाभरात भरला नाही, तर तोही दाखवून घ्यावा. तिथं क्वचित कर्करोग होतो.

वर सांगितलेल्या सूनबाई आता गळ्याला ओढणीची घडी बांधून शेतात जातात. डाग थोडा फिका झाला आहे, पुरता गेलेला नाही. मागल्या महिन्यात त्यांच्या जावेचं हाताचं ऑपरेशन झालं. टाके काढायच्या दिवशी सोबत गेलेल्या सूनबाईंच्या पिशवीत गडद निळ्या कापडाची लांब बाही शिवून तयार होती.