नाव एक, विमानतळ दोन

पोफळीच्या माणसाला अंतर आणि वेळ यांतला फरक शिकवावा लागत नाही. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून आमच्या वीजगृहात उतरतं. माणसाला मात्र कोयनानगरहून इथं यायचं तर कुंभार्लीची वळणं घ्यावीच लागतात, आणि पुढं मालट्रक रखडला असेल तर हिशेब त्याच्या हाती. तरीही हाच माणूस विमानाचं तिकीट काढताना किलोमीटर बघून निर्धास्त होतो. 'मुंबईत उतरायचं, मुंबईहूनच पुढचं विमान' हे वाक्य डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून प्रवासी विमानं सुरू झाल्यापासून धोक्याचं झालं आहे. एक विमानतळ सहार-सांताक्रूझला, दुसरा पनवेलजवळ उलव्याला. म्हणून तिकिटावर शहराचं नाव नव्हे, तीन अक्षरं वाचावीत : बीओएम की एनएमआय.

दोन्हींत रस्त्यानं साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. मध्ये तीन तास ठेवले की पुरे, असं वाटतं खरं. पण पुढच्या विमानाचा काउंटर सुटण्याच्या वेळेआधी साधारण तासभर बंद होतो, आणि पहिल्या विमानातून उतरून बॅग हाती येईपर्यंत पाऊण तास सहज जातो. रस्त्यासाठी उरला सव्वा तास, तोही विमान वेळेवर उतरलं तर! आखातातून येणाऱ्याला इमिग्रेशन आणि कस्टम्सची रांग आणखी वेगळी. यावर अटल सेतूचं उत्तर दिलं जातं. सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, जवळपास बावीस किलोमीटर लांब आहे आणि खाडी झटपट पार होते, हे मान्य. मात्र तो सुरू होतो शिवडीला. सहार ते शिवडी हा शहरातला टप्पा तसाच राहतो, आणि खोळंबा होतो तो तिथंच. दुसरा आक्षेप पैशांचा : वेगवेगळी तिकिटं काढली की स्वस्त पडतं. पडतं, पण मग पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर नसते. विमान चुकलं की त्या दिवसाच्या भावानं नवं तिकीट. टॅक्सी आणि टोल तर बचतीच्या हिशेबात कुणीच धरत नाही.

गोव्यात हेच. मोपा पेडण्यात, मांडवीच्या उत्तरेला. दाबोळी जुवारीच्या दक्षिणेला. मध्ये दोन्ही नद्या आणि साठेक किलोमीटर. जाताना मोपा आणि येताना दाबोळी घेतलं, तर पार्किंगमधली गाडी राहते दुसऱ्याच टोकाला.

नव्या विमानतळाला माझा विरोध नाही. उलट प्रवास तिथूनच सुरू होत असेल तर आपली सोयच. चिपळूणहून रेल्वेनं पनवेलला उतरावं, मुंबईत शिरायची गरजच नाही. (गाडीच्या वेळेवर किती विसंबायचं, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार!) विमानतळ बदलणं टळतच नसेल, तर दोन विमानांमध्ये एक रात्र ठेवावी आणि मुक्काम दुसऱ्या विमानतळाच्या बाजूला करावा.